बर्लिनमध्ये गुंतवणुकीसाठी घर घ्यायचं, तर आधी भाडेकरू बघा

पुण्यात कुणी गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचं म्हटलं की चौकशा ठरलेल्या असतात. मेट्रो कुठून जाणार, आयटीवाले कुठे राहतात, पाणी टँकरचं की महापालिकेचं, बिल्डर कोण. त्यामुळे आम्ही बर्लिनमध्ये भाड्याने द्यायला एक लहानसं घर बघतोय हे कळल्यावर मामाचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता : "तिकडे सध्या कुठला एरिया वर येतोय?"

या प्रश्नाचं उत्तर इथला प्रत्येक दलाल देतो. बर्लिनमध्ये गेली कित्येक वर्षं सगळे एकच सांगत आलेत, वेडिंग नावाचा भाग वर येतोय. वेडिंग येतंय, येतंय, आणि अजून येतंच आहे. पण एरिया वर आला म्हणून तुमचं भाडं वर जाईल, हे पुण्यातलं गणित इथे लागू पडत नाही. कारण बर्लिनमधली ८० टक्क्यांहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात. त्यात शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त न्यायाधीशसुद्धा असतील. भाड्याच्या घरात जन्म काढणं यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही. आणि जिथे बहुसंख्य मतदार भाडेकरू, तिथे कायदा कुणाच्या बाजूने झुकणार हे वेगळं सांगायला नको.

तो किती झुकू शकतो याची झलक आम्ही येऊन स्थिरावत होतो तेव्हाच बघायला मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या राज्य सरकारने (बर्लिन शहर हेच एक राज्य आहे) सरळ भाडी गोठवली. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. असा कायदा करायचा अधिकार राज्याला नाही, केंद्राला आहे, एवढ्याच मुद्द्यावर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं : ३,००० हून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सरकारने ताब्यात घ्यावीत का? ५७ टक्क्यांहून जास्त लोकांनी "हो" म्हटलं. ते सरकारवर बंधनकारक नव्हतं आणि एक-दोन फ्लॅटवाल्यांशी त्याचा संबंधही नव्हता, पण माझ्या ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर त्या आठवड्यात घरमालकांबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकून आपला बेत तिथे उघड न केलेलाच बरा असं मी ठरवलं.

म्हणून मामाला मी सांगितलं, इथे आधी कायद्याचा नकाशा बघायचा आणि मग रस्त्यांचा.

रस्त्यांचा नकाशा तसा सोपा आहे. शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारी एक लोकल आहे, रिंगबान, साधारण ३७ किलोमीटरची. रिंगच्या आत म्हणजे मिट्टे, क्रॉइत्सबर्ग, प्रेन्झलाउअर बेर्ग, नॉयकोल्नचा वरचा भाग. बाहेर म्हणजे श्पांडाऊ, मारत्सान, राइनिकेनडॉर्फ, क्योपेनिक. दलालाच्या जाहिरातीत "रिंगच्या आत" हे शब्द आपल्याकडच्या "कोथरूड डेपोपासून पाच मिनिटं"सारखे ठळक असतात.

आता त्यावर दुसरा नकाशा ठेवा. शहरात ७० हून जास्त भाग असे आहेत, जिथे "मिलियोशुट्झ" लागू आहे. तिथे राहणारे जुने लोक महागाईमुळे बाहेर फेकले जाऊ नयेत, म्हणून तिथल्या घरांत चैनीच्या सुधारणा करायला बंदी. चैनीच्या म्हणजे काय, हे प्रत्येक बेत्झिर्क (आपल्या भाषेत वॉर्ड ऑफिस म्हणा) आपल्या यादीप्रमाणे ठरवतं. दुसरी बाल्कनी नाही. जमिनीखालून गरम होणारी फरशी नाही. दोन फ्लॅट एकत्र करायचे नाहीत. काही ठिकाणी तर भिंतीला टांगलेला कमोडही चैनीत मोडतो, जमिनीवर उभा असलेलाच चालतो. हे ऐकून माझे सासरे मनापासून हसले होते. पण मालकाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. स्वस्तात जुनं घर घ्या, चकाचक करा, भाडं वाढवा, ही आपल्याकडची नेहमीची युक्ती या भागांत चालत नाही. आणि गंमत म्हणजे हे भाग बहुतेक करून तेच, ज्यांची नावं दलाल "वर येतंय" म्हणून घेतो. रस्त्याच्या एका बाजूला हा नियम आणि समोरच्या फुटपाथला नाही, असंही होतं. नकाशे वेबसाइटवर सगळ्यांना खुले आहेत. घर बघायला जायच्या आधी पत्ता तिथे टाकून बघायचा, बस.

तिसरा नकाशा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. शहर दर काही वर्षांनी भाड्याचा तक्ता काढतं, मीटश्पीगेल. त्यात प्रत्येक पत्त्याला श्रेणी दिलेली असते : साधी वस्ती, मध्यम वस्ती, चांगली वस्ती. त्याला इमारतीच्या बांधकामाचं साल, घराचं क्षेत्रफळ आणि सोयी जोडल्या की त्या घराचं रास्त भाडं किती हे निघतं. नवीन भाडेकरूला त्याहून १० टक्के जास्तपर्यंतच मागता येतं. यातून सुटतात ती मुख्यतः १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं. आधीपासून राहणाऱ्या भाडेकरूचं भाडं तीन वर्षांत जास्तीत जास्त १५ टक्के वाढवता येतं, तेही तक्त्याच्या आतच. करार अकरा महिन्यांचे नसतात, सहसा बेमुदत असतात. आणि घर विकलं तरी भाडेकरू हलत नाही. मालक बदलतो, करार तोच राहतो.

हे सगळं कागदावर वाचलं होतं, पण डोक्यात पक्कं बसलं ते वेडिंगमधलं एक घर बघताना. लेओपोल्डप्लाट्झपासून चालत जाण्याच्या अंतरावर, १९१० च्या आसपासची इमारत. बर्लिनच्या जुन्या इमारती आपल्या वाड्यांसारख्या चौकाच्या असतात : रस्त्यावर तोंड असलेलं मुख्य घर, मग चौक, बाजूचा पाखा, मागचं घर, कधी त्याच्याही मागे आणखी एक चौक. आमचा फ्लॅट मागच्या घरात होता, ५० चौरस मीटर. आत एक आजीबाई राहत होत्या, १९८७ पासून, म्हणजे बर्लिनची भिंत पडायच्याही आधीपासून. भाडं महिना ३१० युरो. दलाल आम्हाला हळू आवाजात सांगत होता, की शेजारचे फ्लॅट याच्या तिप्पट भाड्याने जातात, तेव्हा "वाव खूप आहे".

आजीबाईंनी आम्हाला न्हाणीघर दाखवलं. टाइल्स, टब, गीझर, सगळं त्यांनी नव्वदच्या दशकात स्वतःच्या पैशाने करून घेतलेलं. आधी तिथे नुसतं कोठीघर होतं. त्याची पावती त्यांनी एका फाइलमध्ये जपून ठेवली होती, आणि ती फाइल टेबलावर आधीच काढून ठेवलेली होती. का, ते मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. भाडेकरूने स्वखर्चाने केलेली सोय, मालकाने तिचे पैसे भरून दिले नसतील तर, भाड्याच्या हिशोबात धरत नाहीत. म्हणजे टबमध्ये पाणी वाहतंय, पण कायद्याच्या लेखी त्या घरात न्हाणीघरच नाही. न्हाणीघर नसलेल्या घराचं रास्त भाडं किती? फार नाही. दलालाचा "वाव" त्या पावतीत संपला होता.

निघताना त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही स्वतः राहायला येणार आहात का?" मालकाला स्वतःला घर हवं असेल तर भाडेकरूला नोटीस देता येते, त्याची ही भीती. पण भाडेकरू राहत असतानाच इमारतीचे कागदोपत्री वेगळे फ्लॅट करून ते विकले गेले असतील, तर बर्लिनमध्ये त्या पहिल्या विक्रीपासून दहा वर्षं तीही नोटीस देता येत नाही. आमच्या मनात तसं काही नव्हतंच. मी "नाही" म्हटलं, आणि त्यांनी आम्हाला कॉफी दिली.

घर घेतलं नाही. किंमत मागत होते १ लाख ८५ हजार युरो, म्हणजे वर्षाचं भाडं जेमतेम दोन टक्के. रिकाम्या घरापेक्षा ते बरंच स्वस्त होतं हे खरं. पण असं घर घेणं म्हणजे ऐंशीच्या घरातल्या बाई कधी जागा सोडतात याची वाट बघत बसणं, आणि तसली गुंतवणूक मला नको होती. गिरगावातल्या आत्याकडे पागडीची खोली होती, त्यामुळे या नात्याची दुसरी बाजू मी लहानपणापासून बघितलेली आहे. मालक वर्षातून एकदा यायचा, आत्या चहा द्यायची आणि दोघंही छताच्या गळतीबद्दल बोलायचं टाळायचे.

त्यानंतर आम्ही शोध रिंगच्या बाहेर नेला. तिथे काय बघायचं याचे काही ठोकताळे जमले. विमानतळ हा त्यातला मोठा. टेगेलचा विमानतळ नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाला, आणि राइनिकेनडॉर्फ, पांको, श्पांडाऊच्या काही भागांवरून दर काही मिनिटांनी जाणारी विमानं एका दिवसात थांबली. तो आवाज आता दक्षिण-पूर्वेला नव्या विमानतळाच्या बाजूला, बोन्सडॉर्फकडे गेलाय. २०२० च्या आधीचा कुणाचाही सल्ला या बाबतीत जुना समजावा. सीमेन्सस्टाट्टमध्ये १९८० पासून बंद पडलेली लोकल पुन्हा सुरू करायचं काम चाललंय. तिथल्या १९३० च्या आसपासच्या वसाहती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि खिडकी बदलायची तरी वारसावाल्यांना विचारावं लागतं. रूडोच्या फुलांच्या नावांच्या गल्ल्यांत भूजल वर आल्यामुळे तळघरांत पाणी येतं. जवळचं पाणीपुरवठा केंद्र उपसा करत होतं तोवर ते खाली होतं. मारत्सानमधले पूर्व जर्मनीच्या काळातले उंच ठोकळे स्वस्त आहेत, हिरवळ भरपूर आहे, पण त्यातले बरेचसे मोठ्या संस्थांचे. सुटा फ्लॅट विकायला फार कमी येतो.

शेवटी घेतलं ते कार्ल्सहोर्स्टमध्ये. आपल्याकडच्या लोकांना हे नाव माहीत असायचं कारण नाही, पण दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने मे १९४५ मध्ये बर्लिनमधली शरणागती लिहून दिली ती इथेच. नंतर बराच काळ हा सोव्हिएत सैन्याचा भाग होता, १९९४ मध्ये ते गेले. आज झाडांनी भरलेले शांत रस्ते, तंत्र आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या एचटीडब्ल्यू विद्यापीठाचा एक कॅम्पस, आणि एस-३ लोकल, जी एका बाजूला ओस्टक्रॉइत्सला रिंगला मिळते आणि दुसऱ्या बाजूला एर्कनरपर्यंत जाते. एर्कनरच्या पुढे ग्र्युनहाइडला टेस्लाचा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून या लाइनवरच्या प्रत्येक जाहिरातीत टेस्ला असतेच, ती मी वाचून सोडून देते.

फ्लॅट १९३० च्या दशकातला, दोन खोल्यांचा. आधीचा मालक त्यात स्वतः राहत होता, म्हणजे जुना करार नाही, जुनी फाइल नाही. मिलियोशुट्झ नाही. किंमत अर्थातच जास्त पडली. वर खर्च : ६ टक्के खरेदी कर, नोटरी आणि नोंदणी मिळून सुमारे २ टक्के, दलालाचे आमच्या वाट्याचे ३.५७ टक्के. महाराष्ट्रातल्या मुद्रांक शुल्कावर कुरकुर करणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा ऐकवते. हे पैसे भरून निघायलाच वर्षं लागतात, आणि भाड्याने दिलेलं घर दहा वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर कर, दहा वर्षांनंतर शून्य. त्यामुळे दोन वर्षांत विकून मोकळं व्हायचा विचार असेल तर इथे येऊच नये. २०२१ मध्ये एक टक्क्याच्या आसपास मिळणारं गृहकर्ज २०२२ संपेपर्यंत चारच्या घरात गेलं, तेव्हा व्याजदर बघूनच अनेकांचे बेत बदलले.

भाडं तक्ता मांडून ठरवलं. जाहिरात टाकल्यावर तासाभरात इतके मेसेज आले की ती उतरवावी लागली. त्यात आपली मुलं बरीच होती. महिना दीड हजार युरो देऊन फर्निचरसकट तात्पुरत्या घरात राहणारी, कारण बेमुदत करार मिळतच नाही. घर मिळालं जवळच्या रुग्णालयातल्या एका नर्सला, तिचा पगार नियमित आणि अर्ज सगळ्यात नीट होता म्हणून.

नात्यातल्या दोघांनी भारतातून पैसे पाठवून असंच घेता येईल का विचारलंय. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि त्यातून घरही घेता येतं. पण ते तुमच्या सीएला विचारा. मी त्यांना एवढंच सांगितलंय, की आवडलेल्या घराच्या फोटोंऐवजी मला मालकांच्या सभांची तीन वर्षांची इतिवृत्तं पाठवा. सोसायटीच्या सभेत कोण कुणाशी भांडतंय, राखीव निधीत किती आहेत, छताचा विषय किती वर्षं पुढे ढकललाय, हे सगळं त्यात असतं, आणि विक्रेत्याकडे ती मागता येतात. आमच्या इमारतीच्या इतिवृत्तात हीटिंगची यंत्रणा बदलायचा ठराव दोनदा पडलेला होता. पुढच्या सभेत तो तिसऱ्यांदा येतोय आणि मी बाजूने मत देणार आहे. माझ्या वाट्याला साधारण सहा हजार युरो येतील असा अंदाज आहे.