न्हाणीतला गिझर भिंतीपलीकडे गेला

गेल्या जुलैत आमची धाकटी न्हाऊन बाहेर आली ती दाराची चौकट धरूनच. "बाबा, गरगरतंय," म्हणाली आणि सोप्यावर आडवी झाली. उपाशीपोटी न्हाते म्हणून होतं, असं आईचं निदान. मी करोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून तिच्या बोटाला लावला. ९७. म्हटलं, मग काही नाही.

दोन दिवसांनी हिलाही तेच झालं. डोकं ठणकत होतं, वर मळमळ. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघताच विचारलं, "न्हाणीत गॅसचा गिझर आहे?" मी ऑक्सिमीटरची बढाई मारली, तर म्हणाल्या, "त्याच्यावर जाऊ नका. रक्तात ऑक्सिजनच्या जागी कार्बन मोनॉक्साइड बसला तरी ते यंत्र आकडा चांगलाच दाखवतं." या वायूला ना वास ना रंग. सिलिंडरमधला गॅस गळला तर मुद्दाम घातलेल्या वासाने कळतं तरी; हा मात्र अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणारा, म्हणून नाकाला पत्ताच लागत नाही. हिला दोनेक तास ऑक्सिजनवर ठेवलं आणि घरी सोडलं.

गोव्यात साखळी गावात आमचं किराणा दुकान आहे, घर मागेच. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी गॅसचा गिझर घेतला. बसवणारा म्हणाला होता, "सगळे आतच लावतात, काय होत नाही." सोबतची पुस्तिका प्लास्टिकसकट कपाटात पडून होती. पण त्याला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. न्हाणीला वर जाळीची फट होती, तिच्यातून पावसाची झड आत यायची. जूनमध्ये मीच तिच्यावर प्लास्टिक ठोकलं. खिळे माझे, हातोडी माझी.

रात्री बहिणीला फोन केला. ती इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. तिच्या भाड्याच्या घरात दिवाणखान्यात शोभेची गॅसची शेकोटी आहे, खोटे कोळसे आणि त्यांतून पिवळ्या ज्वाळा. म्हणाली, "दादा, दिसायला झकास, पण ऊब बहुतेक धुराड्यातूनच वर जाते. मी सणासुदीलाच पेटवते." तिथे घरमालकाला दर वर्षी नोंदणीकृत गॅस तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावीच लागते, आणि अशी शेकोटी असलेल्या खोलीत २०२२ पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा झाला आहे.

रात्रभर डोक्यात तेच. तिची शेकोटी उधळी खरी, पण ऊब नेताना विषही वर घेऊन जाते. माझा गिझर काटकसरी. पण धूर आमच्यासोबत न्हाणीतच कोंडून ठेवत होता. एक लिटर गॅस नीट जळायला पंचवीस-तीस लिटर हवा लागते. चार बाय सहाच्या न्हाणीत दार-फट बंद, वर वाफ. हवा येणार कुठून?

ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने झाकण उघडून ज्योत बघितली. टोकं पिवळी, वरच्या पत्र्यावर काजळी. "हांगा वारोच ना मरे!" म्हणाला, म्हणजे इथे हवाच नाही. शेकोटीच्या ज्वाळा दिसण्यासाठी मुद्दाम पिवळ्या ठेवतात. गिझरची ज्योत मात्र निळीच हवी.

गिझर पाठल्या दारी, पागोळ्यांपासून आत, बाहेरच्या भिंतीवर नेला. दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी वाऱ्याने ज्योत विझायची, म्हणून एका बाजूला पत्र्याचा आडोसा केला, समोरून मोकळाच. गरम पाण्याची सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची) पाइप भिंतीतून आत आली. सिलिंडर उभा, जमिनीवर, आजूबाजूला मोरी किंवा खड्डा नाही. कारण गॅस हवेपेक्षा जड, खोलगटात साचून राहतो. बर्नर घासून साफ केला, नळी जुनी होती ती बदलली. फटीवरचं प्लास्टिक मी स्वतः उपटलं. सगळे मिळून २,८०० रुपये.

मग दुकानदाराची खोड. अर्धा झालेला सिलिंडर काट्यावर चढवला, पंधरा लिटरच्या दहा बादल्या भरल्या, पुन्हा वजन केलं. पाणी २७ अंशांवरून ४५ वर, गॅस गेला साधारण ३०० ग्रॅम. वहीत हिशेब मांडला, तर गॅसमधली ऐंशी टक्क्यांच्या आसपास उष्णता पाण्यात उतरलेली. प्लंबर म्हणाला होता, बाहेर नेलं की गॅस जास्त खाईल. सिलिंडर पूर्वीइतकेच दिवस जातो.

दोन अलार्म घेतले, कारण एकच दोन्ही कामं करील ही माझी समजूत चुकीची निघाली. गॅसगळतीचा खाली, सिलिंडरजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा घरात, न्हाणीच्या दाराबाहेर. १९०६ हा गळतीसाठीचा नंबर आईने कॅलेंडरवर लिहिला, तोही एवढ्या मोठ्या अक्षरांत की दशमी-एकादशी झाकल्या गेल्या.

तक्रार उरली आहे ती एकच. पाइप लांबल्यामुळे पहिले दोन तांबे थंड येतात आणि धाकटी रोज आतून ओरडते. ते पाणी ही बादलीत धरते आणि अबोलीला घालते.