पिकअपचं मागचं ऑईल सील बदलताना

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर काळा ओघळ दिसला की आधी बोटाला लावून वास घ्यावा. गिअर ऑईल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑईल पातळ असतं, शिवाय बॉनेटखाली त्याची बाटली उतरलेली दिसते. ते असेल तर व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गेलाय, काम वेगळं. माझ्या गाडीला गिअर ऑईलच होतं, म्हणजे एक्सलभोवती तेल अडवणारं रबरी ओठाचं सील गेलं होतं. भाजी भरून चोर्ल्यामार्गे गोव्याला जाणारी गाडी, आणि घाट उतरताना ब्रेक लावला की उजवीकडे ओढत होती, कारण डाव्या चाकातल्या ब्रेकच्या लायनरनं तेल पिलं होतं. अशा गाडीनं घाट करू नये. सील मिळेपर्यंत भाडं सोडलेलं परवडतं.

याआधी एकदा नुसतं सील बदलून मोकळा झालो होतो, ते महिनाभरात पुन्हा गळलं. तेव्हापासून चाक खोलायच्या आधी हौसिंगच्या (मागच्या एक्सलच्या लोखंडी कवचाच्या) वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा सोडणारी वाट, बघतो. बोराएवढी टोपी असते ती. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडची लाल माती आणि उसाच्या हंगामात रानातला चिखल तिच्यावर बसून वाळतो. मग डिफरन्शियल (हौसिंगमधला, चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा) तापलं की आतल्या हवेला वाट राहत नाही आणि ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. टोपी बोटानं फिरली पाहिजे. फिरत नसेल तर काढून डिझेलमध्ये धुवायची, नाहीतर नवी घालायची.

गाडी सपाट फरशीवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (चाक अडवायचे ठोकळे) लावली, हँडब्रेक सोडला. गळणारी बाजू जरा जास्त उचलून हौसिंगखाली घोडी (लोखंडी स्टँड) दिली. जॅकच्या भरवशावर आत हात घालायचा नाही. बाजू उचलली की तेल पलीकडे सरकतं, सगळं काढायची गरज पडत नाही. पण तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. तेव्हा सगळंच बदलायचं.

ड्रम अडकला तर कडेला हातोडी मारू नका, तडा जातो. बहुतेक ड्रमला दोन आटेदार भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीनं आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो. ड्रममागच्या ब्रेक प्लेटचे चार नट काढले की एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा शाफ्ट, मोकळा. तो ओढायला घसरहातोडा (दांड्यावर सरकतं वजन असलेला ओढणी हातोडा) नसेल तर ड्रम उलटा लावून नट ढिले ठेवायचे आणि झटके द्यायचे. एक्सल निघाल्यावर ब्रेक प्लेट एका नटावर परत टांगून ठेवायची, नाहीतर तिचं वजन ब्रेकच्या पाईपवर येतं.

आता खरी तपासणी. सीलचा ओठ जिथे घासतो त्या शाफ्टवरच्या चकचकीत पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर खोबण पडलीय, तिथे नवं सीलही गळणार. काही गाड्यांत ओठ कॉलरवर (शाफ्टवर दाबून बसवलेल्या कड्यावर) चालतो. तिथे कॉलर बदलली की प्रश्न मिटतो. शाफ्टवरच खोबण असेल तर पातळ स्लीव्ह (पत्र्याची नळी) चढवावी, किंवा सील एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठाला नवी जागा द्यावी. वेल्डिंगनं भरून लेथवर घासून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना शाफ्ट देऊ नका. ताप लागलेला शाफ्ट पुढे तिथेच मोडतो.

बेअरिंग खरखरत असेल किंवा हलत असेल तर तेही गेलं. शाफ्ट डुलत राहिला की सीलचा ओठ एका बाजूनं झिजतो. बेअरिंगमागची कॉलर ड्रिलनं अर्धवट भोक पाडून छन्नीनं फोडायची. ड्रिल शाफ्टला लागता कामा नये. नवं बेअरिंग प्रेसवरच बसवायचं. बेळगावात उद्यमबागेत किंवा ऑटोनगरात प्रेस सहज मिळतो. दाब फक्त आतल्या रिंगवर. आणि आधी रिटेनर प्लेट (बेअरिंग हौसिंगला धरून ठेवणारी पट्टी) शाफ्टमध्ये ओवलीय ना, हे दोनदा बघा. मी एकदा विसरलो आणि नवीकोरी कॉलर फोडावी लागली.

कॉलर जुनी वापरायची नाही. या प्रकारच्या एक्सलमध्ये चाक जागेवर धरून ठेवते ती हीच कॉलर. ती सुटली तर चाक एक्सलसकट बाहेर येतं. प्रेसवर ती जोर लावून, कुरकुरत बसली पाहिजे. सहज सरकत गेली तर शाफ्ट झिजलाय, तो बदला.

सील आणायला जाताना जुनं बरोबर न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. ओठाला गिअर ऑईल लावा. सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाईप किंवा पान्याची मोठी गोटी (सॉकेट) धरून चहूबाजूंनी सारखं ठोका. तिरकं गेलं की संपलं. एक्सल आत घालताना दोन हातांनी उचलून धरा. शाफ्टच्या टोकाच्या आटाळ्या (दात्यांच्या खाचा) ओठावरून घासल्या तर नवं सील तिथेच फाटतं, आणि ते कळतं दुसऱ्या दिवशी.

तेल प्यालेलं लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून चालत नाही. तापलं की आतलं तेल परत वर येतं. लायनर दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी पुन्हा ओढेल. ड्रम पुसायला ब्रेक क्लीनर वापरा, डिझेल नको.

शेवटी गाडी चारही चाकांवर आणून ८०डब्ल्यू-९० दाटपणाचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल भरायचं. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल टेकलं की बस्स. जास्त भरलेलं तेलही सीलकडेच वाट काढतं. पहिला भरलेला फेरा करून आल्यावर ब्रेक प्लेटच्या खालच्या कडेवरून पांढरा कापड फिरवा. नुसती धूळ लागली तर पुढच्या भाड्याला हो म्हणा.