आमची वाटचाल : ओटे, धूळ आणि एक रुमाल

२००९ ला पुण्याच्या नऱ्ह्यात दगड कापायच्या कामासाठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, दोन कटर, एक पॉलिश मशीन, राजस्थानचे तीन कारागीर आणि मी. किचनचे ओटे, खिडक्यांच्या फ्रेमा, जिन्याच्या पायऱ्या, सगळं कोरडंच कापायचो. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो, हसायचो त्यावर, आणि घरी जाताना कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकायचो. तोंडाला रुमाल बांधला की झालं.

२०१६ मध्ये आमच्या सगळ्यात जुन्या मिस्त्रीला दम लागायला लागला. टीबी समजून सहा महिने गोळ्या झाल्या, खोकला तसाच. मग छातीच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे बघून आधी विचारलं, काम काय करता? सिलिकोसिस निघाला. फुफ्फुसात बसलेली दगडाची धूळ बाहेर येत नाही, बरं करणारं औषध नाही, वर टीबीची भीती कायमची. तो गावी गेला, फोन असतो अजून, बोलता बोलता मध्येच थांबतो. रुमाल मीच आणून द्यायचो त्याला.

डॉक्टर म्हणाले, दिसते ती धूळ बरीचशी नाकात अडकते, खोल जाते ती दिसतच नाही. मग ब्लेडवर पाण्याची लाईन घेतली. पाणी आणि इलेक्ट्रिक ग्राइंडर म्हणजे शॉकची भीती, म्हणून पॉलिशला हवेवर चालणारे घेतले, महाग पडले. तरी धूळ होतीच, कारण जमिनीवरची राड वाळायची आणि सकाळी पोरगा झाडू मारायचा! आता राड ओली असतानाच उचलतो.

मग क्वार्ट्झची, म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन मिसळून केलेल्या स्लॅबची फॅशन आली. सिलिका म्हणजे दगडातला तो भाग ज्याच्या धुळीने सिलिकोसिस होतो; बऱ्याच ग्रॅनाइटमध्ये ती तिसरा हिस्सा धरा, जुन्या क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून असल्या स्लॅबवर बंदीच घातली. आम्ही निदान साईटवर सिंकचा कट मारणं बंद केलं, माप घेऊन शेडमध्येच कापून नेतो. यात एक-दोन ऑर्डरी दर महिन्याला जातात, "तो दुसरा तर घरीच कापून देतो" म्हणतात लोकं, देऊ दे.

रुमालाच्या जागी आता मास्क आहे, आणि भांडण दाढीचं आहे. मास्क दाढीवर घट्ट बसत नाही, दोघं काढायला तयार नाहीत, म्हणून त्यांना लोडिंगला टाकलंय, रोज कुरकुर चालू असते.