मणक्याची मागची भिंत

आंब्याच्या हंगामात आमच्या रेडिओलॉजी विभागात येणाऱ्या कागदांवर ‘झाडावरून पडला’ ही नोंद हमखास वाढते. काही वर्षांपूर्वी असाच एक चाळिशीतला गृहस्थ स्ट्रेचरवरून आला, डाव्या टाचेला ओला फडका गुंडाळलेला. पायांतली ताकद शाबूत होती. दुखत होते ते बरगड्या संपतात त्या जागी. एक्स-रेमध्ये एल-१ हा कमरेचा पहिला मणका पुढून किंचित दबलेला दिसत होता आणि हे साधे वेज फ्रॅक्चर, म्हणजे फक्त पुढून पाचरीसारखे दबलेले हाड असावे, असे मीही धरून चाललो होतो.

सीटीने तो समज मोडला. मणक्याची मागची भिंत फुटली होती, हाडाचा एक तुकडा मज्जारज्जूच्या नलिकेत सरकला होता आणि दोन्ही पेडिकल, म्हणजे मणक्याचा पुढचा भाग मागच्या कमानीला जोडणारे हाडाचे दोन खांब, एकमेकांपासून दूर गेले होते. म्हणजे हे मणका मागच्या भिंतीसकट फुटणारे बर्स्ट फ्रॅक्चर होते. एक्स-रे पुन्हा लावून पाहिला, तर समोरून घेतलेल्या फिल्मवर पेडिकलमधले वाढलेले अंतर तिथेही होतेच. ठाऊक झाल्यावर सगळेच दिसते!

कण्याचे शल्यचिकित्सक डेनिस यांनी १९८३ साली कण्याचे तीन स्तंभ कल्पून मधल्या स्तंभाला महत्त्व दिले, ते त्या स्तंभात येणाऱ्या याच मागच्या भिंतीमुळे. पुढे वर्गीकरणे बदलली, तरी दबलेला मणका पाहिला की माझी नजर आजही आधी मागच्या भिंतीकडे जाते.

मात्र सीटीचे केवळ आडवे काप पाहून रिपोर्ट लिहिणे धोक्याचे आहे. रेडिओलॉजिस्ट चान्स यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेले, पुढे मोटारीच्या फक्त कमरेवरच्या पट्ट्याशी जोडले गेलेले फ्रॅक्चर मणक्याला आडवे चिरत जाते. ती चीर कापाला समांतर असल्यामुळे दोन कापांच्या मध्ये सहज हरवते. म्हणून एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या कापांपासून बाजूने दिसणारी सॅजिटल प्रतिमा तयार करून ती बोन विंडोमध्ये, म्हणजे हाड स्पष्ट दिसेल अशा छटांत, पाहावीच लागते.

नलिका किती अरुंद झाली हे आम्ही टक्क्यांत लिहितो खरे, पण त्यावरून पायांची अवस्था सांगता येत नाही, कारण सीटीत दिसतो तो तुकडा स्थिरावल्यानंतरचा; आघाताच्या क्षणी तो किती आत घुसला होता, याची छबी कोणाकडेच नसते. शिवाय रुग्ण उताणा झोपल्याने काही वेळा मणक्यांमधली उघडलेली फट मिटते. मज्जारज्जूची सूज आणि मागचे अस्थिबंध यांच्यासाठी एमआरआयच हवा, आणि तसे मी त्या रिपोर्टमध्ये लिहिले.

रिपोर्टवर सही करताना टाचेच्या फडक्याची आठवण झाली. उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाच्या टाचेतून निघालेला जोर थेट कमरेपर्यंत पोहोचतो, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवत असे. त्याला परत बोलावून टाचेचा एक्स-रे काढला. तिथलेही हाड मोडलेले निघाले.