एकच निबंध चौथ्यांदा लिहिला, त्याचा हिशोब

मंडळी, दर रविवारी नवा विषय घेणार असं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ते काही जमलं नाही. अख्खा महिना एकाच विषयावर अडकलेय. यूपीएससी मुख्य परीक्षेत २०२२ ला आलेला विषय, जंगलं म्हणजे आर्थिक उत्कृष्टतेचा सर्वोत्तम नमुना, अशा अर्थाचा. परीक्षा देईन की नाही देव जाणे, पण त्या पेपरचे विषय सरावाला झकास असतात. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्द, म्हणजे एकाला दीड तास.

पहिला प्रयत्न सांगण्यासारखा नाहीच. आराखडा न करता सुटले, सुरुवातीला सुविचार, मग ऋषीमुनी, मग पाऊस, आणि घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं प्रस्तावनेतच गेलेली. शाळेतली 'पावसाळ्यातील एक दिवस'ची सवय, दुसरं काय!

दुसऱ्यांदा शहाणी झाले. सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय असे चार चौकोन काढून त्यात मुद्दे भरले, वेळेत संपला, मी खूश. रूममेटने वाचला आणि म्हणाली, "छान आहे गं, पण चार जणींनी वाटून घेऊन लिहिल्यासारखा वाटतोय." राग आला, खोटं कशाला बोलू. पण मग मुद्दाम परिच्छेदांचा क्रम उलटापालटा करून वाचला तर काहीच बिघडलं नाही, आणि तिथेच ट्यूब पेटली की हा आराखडा नव्हताच, ही नुसती सामानाची यादी होती.

तिसऱ्या वेळी पहिली वीस मिनिटं फक्त रफ पानावर. आधी ठरवलं की मला म्हणायचंय काय ते एका वाक्यात यायला पाहिजे, आणि ते येईना, पाच वाक्यं खोडली. शेवटी आलं ते असं, जंगलाकडून शिकायचं ते मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगणं. हे वाक्य सापडल्यावर निम्मे मुद्दे आपोआप गळले (ऋषीमुनी पहिले).

खरी मजा मेंढा-लेखाचं उदाहरण निबंधात कुठे टाकायचं यावरून झाली. गडचिरोलीतलं हे गाव, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकायला लागली. दुसऱ्या खर्ड्यात हे 'राजकीय'च्या चौकोनात एका ओळीत कोंबलं होतं. आता प्रश्न होता की विरोधी मुद्दा कुठे टाकायचा, म्हणजे जंगलात सावलीतलं रोप मरतं, तिथे मजुरी नाही, कर नाही, मग ही तुलना लंगडी नाही का? मी तो नेहमी शेवटी टाकायचे आणि मग निबंध त्याच शंकेवर लोंबकळत राहायचा. यावेळी मध्यावर घेतला आणि लगेच मेंढा-लेखा आणलं, कारण किती तोडायचं हे जंगल ठरवत नाही, माणसांना बसून ठरवावं लागतं, आणि ते गाव नेमकं तेच करतं. तेच उदाहरण, पण जागा बदलल्यावर ते शंकेचं उत्तर झालं.

चौथ्यांदा लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं की हा इथे काय काम करतोय. नऊ परिच्छेद होते. चौथा आणि सातवा दोघेही जैवविविधता सांगत बसलेले, फक्त शब्द वेगळे! सातवा उडवला. आठव्याच्या बाजूला काहीच लिहिता येईना, तोही गेला, जरा जिवावर आलं कारण त्यात माझं सगळ्यात आवडतं वाक्य होतं.

हिशोब: लिहिताना ९७ मिनिटं, म्हणजे अजून सात जास्त. काटछाट करून १०४० शब्द. समारोप अजून फसतोय, हात आपोआप 'चला, आपण सर्वांनी मिळून झाडे लावूया' कडे वळतो. पुढच्या रविवारी याच निबंधाचे फक्त समारोप लिहिणार आहे, तीन वेगवेगळे. रूममेटने वाचायला साफ नकार दिलाय, जंगल पाठ झालं म्हणे.