उताऱ्याचं पान आणि अकरा उघडे आकडे

वाचताना आवडलेले उतारे मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवत आलोय. वेब डेव्हलपमेंट शिकायला घेतलं तेव्हा सरावासाठी हीच फाइल एक्सएमएलमध्ये ओतली, म्हणजे मजकुराचा प्रत्येक तुकडा नाव दिलेल्या खुणेत, टॅगमध्ये, ठेवला. कारण जरा बालिश आहे: टॅगची नावं मराठीत ठेवता येतात हे कळलं होतं. १९९८ साली एक्सएमएल आलं तेच युनिकोड (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) धरून, त्यामुळे 'उतारा', 'लेखक', 'उताऱ्याचे-पान' (पुस्तकातला पान क्रमांक) ही नावं त्याला सरळ चालतात. नावाची सुरुवात आकड्याने नको, मध्ये जागा नको, असे थोडे नियम पाळले की झालं.

मग ती फाइल ब्राउझरमध्ये नीट दिसावी म्हणून एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं वेबपानात रूपांतर करायची भाषा. डबल-क्लिक करून उघडली तर पान कोरं. डिस्कवरची स्टाइलशीट (रूपांतराचे नियम असलेली फाइल) ब्राउझर लोड करू देत नव्हता. माझ्याच संगणकावर फाइल वेबसाइटसारखी पुरवणारा छोटा लोकल सर्व्हर लावल्यावर ते मिटलं.

खरी अडचण डोक्यातली होती. मी सवयीने सगळीकडे 'फॉर-ईच' (एकेक घेऊन तेच काम कर, असा आदेश) लिहीत सुटलो. व्हेरिएबलची किंमत एकदा दिली की बदलता येत नाही हे कळल्यावर तर चिडलोच. साधी बेरीज करत पुढे जायचं तरी कसं? हळूहळू उमगलं की इथे क्रम सांगायचाच नसतो. 'उतारा' भेटला तर हे कर, 'लेखक' भेटला तर ते कर, असे नियम लिहून ठेवायचे आणि 'अप्लाय-टेम्प्लेट्स' (ज्याला जो नियम बसेल तो लाव) म्हणून बाजूला व्हायचं.

बाजूला झालो आणि पान बघितलं. बहुतेक उताऱ्यांखाली 'पान ४७' असं तिरप्या अक्षरात छान आलेलं. अकरा ठिकाणी मात्र नुसता आकडा, मजकुराला चिकटलेला. ज्या टॅगसाठी नियम सापडत नाही त्याचा मजकूर एक्सएसएलटी तसाच बाहेर टाकतं, हा त्याचा अंगभूत नियम. म्हणजे त्या अकरांना माझा नियम लागत नव्हता. पण नाव तर तेच! अक्षर न् अक्षर जुळवलं, दोनदा.

संध्याकाळ गेल्यावर कोड-पॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराचे युनिकोड क्रमांक, छापून बघितले. ते अकरा उतारे मी फोनवर टाइप केले होते. तिथल्या कीबोर्डने 'ऱ' म्हणून 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) दिला होता. संगणकावर 'ऱ' हे एकच अक्षर होतं. डोळ्याला फरक शून्य. एक्सएमएल मात्र नावं जशीच्या तशी ताडून बघतं, स्वतःहून सारखी करून घेत नाही. तासभर त्याला नावं ठेवली, मग मान्य केलं की हट्ट माझाच होता. आता टॅग नुसता 'पान' आहे.

ब्राउझरमध्ये अजून १९९९ चं एक्सएसएलटी १.० च आहे आणि क्रोम तर तेही काढून टाकायला निघालंय. त्यामुळे हे रूपांतर मी आता आधीच करून तयार एचटीएमएल ठेवतो.

पानांच्या क्रमाने लावायला गेलो तर तिथेही मराठी आडवी आली. एक्सपाथला (एक्सएसएलटीतली, मजकूर शोधायची आणि मोजायची भाषा) '४७' ही संख्याच वाटत नाही, 'नॅन' (संख्या नाही) म्हणून हात वर करतं. 'ट्रान्सलेट' फंक्शनने दहाही आकडे इंग्रजी करून घेतले, फक्त क्रमवारीपुरते. छापताना ४७ च.