अटॅचमेंट थेट उघडून केलेले बदल गेले? आधी आउटलुक बंद करू नका

मेलमधली वर्ड फाइल डबल-क्लिक करून उघडली, त्यात भरपूर काम केलं, सेव्हही केली. नंतर त्याच मेलमधून पुन्हा उघडली तर जुनीच फाइल समोर आली. असं झालं असेल तर आउटलुक आणि वर्ड अजून चालू आहेत का ते आधी बघा. चालू असतील तर तसेच राहू द्या. कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका, डिस्क क्लीनअप किंवा टेम्पररी फाइल्स साफ करणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवू नका. काम बहुतेकदा डिस्कवर असतं, पण ज्या जागी असतं तिथली साफसफाई आउटलुक स्वतःच करत असतं.

मेलमधली फाइल तुम्ही थेट उघडता तेव्हा मेलला हातही लागत नाही. विंडोजवरचं नेहमीचं, म्हणजे क्लासिक आउटलुक तिची एक प्रत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि वर्ड ती प्रत उघडतं. या फोल्डरचं नाव कंटेंट.आउटलुक. त्याच्या आत अक्षरं आणि आकडे मिसळलेल्या निरर्थक नावाचा आणखी एक फोल्डर असतो, प्रती त्यात पडतात. मेल किंवा आउटलुक बंद केलं की ते आपली प्रत पुसतं. फाइल त्या वेळी वर्डमध्ये उघडी असेल तर मात्र पुसता येत नाही आणि प्रत तिथेच मागे राहते. म्हणूनच कधी काम सापडतं, कधी सापडत नाही.

हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये ही प्रत रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडते. एनेबल एडिटिंग दाबून लिहिता येतं, पण सेव्ह करायला गेलं की सेव्ह ॲज समोर येतं. इथेच घोटाळा होतो. घाईत फोल्डर न बघता एंटर दाबलं की फाइल डॉक्युमेंट्समध्ये, वनड्राइव्हमध्ये किंवा त्याच लपवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. सेव्ह केल्याचं तुम्हाला पक्कं आठवत असेल तर तुमची आठवण बरोबरच असणार, शोधायची आहे ती जागा.

ती शोधण्याचा सगळ्यात सोपा रस्ता वर्डमध्येच आहे. फाइल, ओपन, रीसेंट इथे जा. तुमच्या फाइलच्या नावाखाली तिचा पत्ता बारीक अक्षरात दिसतो. नावावर राइट-क्लिक करून 'कॉपी पाथ टू क्लिपबोर्ड' घ्या, फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये पेस्ट करा, शेवटचं फाइलचं नाव खोडा आणि एंटर दाबा. थेट फोल्डर उघडेल. एक्सप्लोररमध्ये एकेक फोल्डर उघडत तिथे पोचायचा प्रयत्न करू नका. हा फोल्डर 'हिडन आयटम्स' चालू करूनही सहसा दिसत नाही, पत्ता पेस्ट केला तरच उघडतो. सर्चमध्येही तो येत नाही.

रीसेंटमध्ये नाव नसेल तर पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत मिळतो. रजिस्ट्री एडिटर उघडून करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, मग आवृत्तीचा क्रमांक, आउटलुक, सिक्युरिटी असं जा. क्रमांक २०१६ पासून पुढच्या सगळ्यांसाठी १६.०, २०१३ साठी १५.०, २०१० साठी १४.०. तिथल्या 'आउटलुक सिक्युअर टेम्प फोल्डर' या नोंदीत पूर्ण पत्ता असतो. नोंद उघडा, पत्ता कॉपी करा, काहीही न बदलता कॅन्सल करा.

फोल्डर उघडल्यावर डेट मॉडिफाइडप्रमाणे लावा. एकाच फाइलच्या अनेक प्रती दिसू शकतात, नावापुढे (००२), (००३) असे आकडे लागलेल्या. नावावर जाऊ नका, वेळ आणि साइझ बघा. हवी ती वाटली की आधी डेस्कटॉपवर कॉपी करा आणि मगच ती कॉपी उघडा.

क्लोज करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं गेलं असेल किंवा वर्ड मध्येच बंद पडलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ऑटोरिकव्हरकडे, म्हणजे काम चालू असताना वर्ड आपोआप ठेवत असलेल्या प्रतींकडे वळायचं. फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स. एक्सेलमध्ये हेच मॅनेज वर्कबुकखाली आहे. इथल्या फाइल्स ४ दिवस टिकतात, त्यामुळे आजच बघा. यादी रिकामी आली तरी थांबू नका. आधी एकदा सेव्ह झालेल्या फाइलची ऑटोरिकव्हर आवृत्ती तीच फाइल त्याच जागेवरून उघडली तर इन्फोमध्ये दिसते, आणि अटॅचमेंटच्या बाबतीत ती फाइलच पुसली गेलेली असू शकते. अशा वेळी ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ऑटोरिकव्हर फाइल लोकेशन कॉपी करा, तो फोल्डर उघडा आणि एएसडी एक्स्टेन्शनच्या फाइल्स शोधा. त्या वर्डमधूनच, फाइल टाइप 'ऑल फाइल्स' ठेवून उघडतात.

ऑटोरिकव्हर मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी चालतं. आठ मिनिटांत बदल करून फाइल बंद केली असेल तर तिथे काहीच नसणार. ऑटोसेव्हचाही इथे उपयोग नाही, कारण ते फक्त वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच्या फाइलला लागू होतं. मजकूर कुठेतरी कॉपी-पेस्ट केला असेल तर विंडोज आणि व्ही एकत्र दाबून बघा. क्लिपबोर्ड हिस्टरी आधीपासून चालू असेल तर शेवटचे २५ तुकडे तिथे मिळतात, पण रीस्टार्टनंतर पिन केलेलेच उरतात.

जीमेलमधून गूगल डॉक्समध्ये उघडून बदल केले असतील तर काळजी नको. ती प्रत ड्राइव्हमध्ये गेलेली असते, ड्राइव्हच्या रीसेंटमध्ये बघा. ब्राउझरमधून डाउनलोड होऊन उघडलेली फाइल डाउनलोड्समध्ये असते. थंडरबर्ड मात्र आउटलुकसारखंच वागतं: प्रत टेम्प फोल्डरमध्ये आणि प्रोग्रॅम बंद करताना सफाई. मॅकवर ॲपलच्या मेलसाठी लायब्ररीतल्या कंटेनर्समध्ये 'मेल डाउनलोड्स' हा फोल्डर शोधा.

यातलं काहीच सापडलं नाही तर पुसलेल्या फाइल्स परत आणणारं सॉफ्टवेअर उरतं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, कमांड देऊन चालतं आणि परत मिळालेल्या फाइल्स ठेवायला दुसरा ड्राइव्ह मागतं. ते आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर शिकून घ्या, कारण या कॉम्प्युटरच्या डिस्कवर जे जे नवीन लिहिलं जाईल ते तुमच्या पुसलेल्या फाइलच्या जागेवर बसू शकतं. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चांगली आशा आहे. एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, पुसलेली जागा ट्रिम नावाच्या आपोआप होणाऱ्या साफसफाईमुळे लवकर रिकामी होते, तिथे सापडण्याची शक्यता कमी धरा.